उजाडल्यावर देतो, महाराज

शेवटचं आपण दोघांनी मिळून काय केलं, तर पेंढा बदलला. तुम्ही भिंतीला टेकून बसलात आणि मी तुमच्या अंगाखालचा जुना पेंढा काढून गोठ्यात टाकून आलो. ताजा आणला. तो अंथरणार तेवढ्यात तुम्ही हात पुढे केलात, तेव्हा कळलं की आता काडी न् काडी बघणार. बघितलीत. डोळ्यांना धड दिसत नव्हतं, तरी एक बारीक किडा सापडलाच तुम्हाला. तो तुम्ही लोकरीच्या कुंच्यावर घेतलात आणि म्हणालात, "सावलीत सोड ने, गोपाळभाई. उन्हात मरेल." मी तो मोरीच्या पाण्यावरच्या आळवाखाली सोडून आलो.

"पोचला?" तुम्ही विचारलंत.

"पोचला. पत्र टाकील."

तुम्ही हसलात. त्यानंतर तुम्हाला हसताना मी बघितलं नाही.

महाराज, महाडचे तुमचे जैन लोक म्हणतात, चार ओळी लिहून द्या, महाराजांच्या आठवणींचं पुस्तक काढतोय. तुमचा जन्म कुठला, दीक्षा कुठे घेतलीत, किती मुलूख पायी तुडवलात, ते सगळं त्यांच्यापाशी आहे. माझ्याकडून त्यांना पाहिजे ते शेवटचं, कारण शेवटी आत मी एकटा होतो. ते त्यांना लिहून द्यायची मला भीती वाटते. म्हणून तुम्हालाच लिहितो. मग त्यांनी छापावं, नाहीतर चुलीत घालावं.

तुम्ही गेल्यापासून मी दिवेलागणीला घरात थांबत नाही. बाहेर रस्त्याच्या कठड्यावर जाऊन बसतो, गाड्या बघतो. काळोख पडला की नाईलाजानं आत येतो आणि ओटीवरच आडवा होतो. ज्या पडवीत तुम्ही होतात तिकडे पाठ करून. या वयात, एवढा रस्त्यावर राबलेला गडी, आणि स्वतःच्या घराला भितो. कोणाला सांगणार. मुलगा मुंबईला, त्याला सांगितलं तर तो म्हणेल, बाबा, घर बंद करून इकडे या.

तुम्ही पहिल्यांदा दिसलात तो उन्हाळा आठवतो. मी तेव्हा रस्त्यावर मैलकुली होतो. महाड-पोलादपूर रस्त्याचा आमच्या गावाजवळचा तुकडा आमच्या टोळीकडे, खड्डे भरायचे, गटारं उपसायची, उन्हाळ्यात डांबर ओतायचं. डांबर अजून मऊ होतं आणि पांढऱ्या कपड्यातली तीन माणसं पोलादपूरकडून अनवाणी चालत आली. पुढे तुम्ही, मागे एक वयस्कर साधू आणि तुमचे तरुण शिष्य. मी ओरडलो, "ओ बुवा, कडेनं चला, पाय भाजतील."

तुम्ही कडेला गेलात, खाली बघितलंत आणि परत डांबरावर आलात.

"काय झालं?"

"तिकडे मुंग्यांची रांग आहे."

आमची टोळी हसली. मी पण हसलो. मग तुमच्या तळव्यांकडे बघितलं आणि माझं हसू गेलं. मी तुम्हाला सावलीला म्हणून घरी आणलं, तर तुम्ही पायरीवर थांबून माझ्याकडे आणि माझ्या बायकोकडे, हौसाकडे, रीतसर परवानगी मागितलीत, आजची रात्र पडवीत राहू का म्हणून. आम्हाला कोणी असं कधी विचारलं नव्हतं. हौसा तर लाजलीच. आत गेली आणि नाचणीची गरम भाकर घेऊन आली.

तुम्ही हात जोडलेत. म्हणालात, "बाई, ज्याच्या घरी आम्ही निजतो, त्याच्या घरचं अन्न आम्हाला चालत नाही. पाणी पण नाही."

हौसा तुमच्याशी बोलली नाही, माझ्याशी बोलली. "अवो, घरात निजायला चालतं नि घरची भाकर चालत नाय? ही कुठली रीत?"

तुम्ही समजावलंत. ज्यानं जागा दिली त्याच्यावर आणखी बोजा टाकायचा नाही. टाकला तर लोक साधूला जागाच द्यायचे नाहीत. तिला ते पटलं असेल नसेल, पण ती हटणारी बाई नव्हती. "मग या घरचं चालतं तरी काय?"

"पेंढा चालतो. पाट चालतो. राख चालते."

"राख?"

"आम्ही केस हातानं उपटतो. बोटं सटकू नयेत म्हणून राख लागते."

ती चुलीपाशी गेली, फडक्यातून राख चाळली आणि केळीच्या पानावर घेऊन आली. पाहुण्याला वाढावं तशी तुमच्यापुढे ठेवली. तेव्हापासून तुम्ही कधीही या वाटेनं या, कधी दोन वर्षांनी, कधी तीन, चाळलेली राख डब्यात तयार असायची. शेजारच्या धोंडूकडची, त्याच्या बायकोच्या, मंजुळेच्या हातची भाकर तुम्हाला चालायची, मुद्दाम तुमच्यासाठी तापवलेलं नको म्हणून त्याच्या अंघोळीच्या हंड्यातलं खळखळ उकळलेलं पाणी चालायचं. त्यावरून हौसा मला बोलायची, "त्या मंजुळेच्या भाकरी चामड्यासारख्या, त्या गोड लागतात. आमच्या नशिबी राख." तुमच्या कानावर जाईल इतक्या मोठ्यानं बोलायची. तुम्ही पुस्तकातून मान वर करायचा नाहीत, पण ऐकायचात. मला माहीत आहे.

तुमच्या लोकांना वाटतं मी तुमचा भक्त होतो. मी भक्त नव्हतो. महाडात तुमचा चातुर्मास होता तेव्हा मी व्याख्यानाला आलो होतो, मागे चपलांपाशी बसलो होतो. तुम्ही आत आलात तर सगळा बाजार उठून उभा राहिला. एरवी कापड मोजताना मान वर न करणारी माणसं तुमच्या पायाखालची धूळ कपाळाला लावत होती. मला ते बघून कसंतरी झालं. मी तुमच्याशी भांडणारा माणूस. तुम्ही मला मासे सोड म्हणायचात आणि मी म्हणायचो, सावित्री नदी दारात असताना सोडू कसे. तुम्ही मला भाग्यशाळी म्हणायचात, मी म्हणायचो, असा कसला भाग्यशाळी, पाठ गेली कामातून.

पण एक भांडण खरं होतं. ते राहूनच गेलं.

तुमच्याबरोबरचे ते वयस्कर साधू एकदा पडवीत तापानं फणफणले. सूर्य मावळलेला. ओठ कोरडे पडले होते आणि तुम्ही त्यांच्या उशाशी बसून नवकार मंत्र म्हणत होतात. मी म्हटलं, "पाणी द्या त्यांना." तुम्ही म्हणालात, सूर्य मावळल्यावर साधूला पाणी नाही, उद्या उजाडल्यावर. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "किड्याला सावली बघता नि हा माणूस सुकतोय त्याचं काय? तुमची दया मोठी की नेम मोठा, ते सांगा आधी."

"नेम त्यांनी घेतलाय. मी मोडणारा कोण?"

"आणि गेले म्हणजे?"

तुम्ही त्यांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलंत. मग म्हणालात, "याचं उत्तर पुढच्या खेपेला देतो."

ते साधू वाचले. सकाळी मंजुळेकडचं पाणी प्याले आणि दोन दिवसांनी चालायला लागले. पण तुमचं उत्तर काही आलं नाही. दर खेपेला मी विचारायचो, "काय महाराज, सापडलं का?" तुम्ही म्हणायचात, "शोधतोय."

मग हौसा गेली. तुम्ही नंतर आलात, चैत्रात. तुम्ही नेहमीसारखे पायरीवर थांबलात, परवानगी मागायला, आणि परवानगी देणारं एकच माणूस उभं होतं. तुम्ही ओळखलंत. कोणी आलं की म्हणतात ना, देवाची मर्जी, सोनं झालं तिचं, तसलं काही बोलला नाहीत. संध्याकाळी जवळ बसवलंत आणि विचारलंत, "शेवटी तिनं काय मागितलं?"

"पाणी."

"दिलंस?"

"दिलं की. तुळशीचं पान घालून दिलं. माझ्या हातानं."

"बरं केलंस," तुम्ही म्हणालात. "फार बरं केलंस, गोपाळभाई."

तुमचे हे शब्द मी जपून ठेवले होते, महाराज. ती गेल्यावर मला धीर कोणी दिला असेल तर याच शब्दांनी. आणि आता त्यांचीच मला भीती वाटते.

यंदा तुम्ही महाडला निघाला होतात. आमच्या दारापर्यंत आलात आणि पायरी चढून जे बसलात ते परत उठला नाहीत. बरोबर फक्त तुमचे शिष्य, धाकटे महाराज. आम्ही धाकटे म्हणतो, पण तेही आता पन्नाशीचे, दाढी पिकलेली. महाडहून कांतीशेठ कापडवाले मोटार घेऊन आले, डॉक्टर घेऊन आले. डॉक्टर म्हणाले दवाखान्यात न्यायला पाहिजे. कांतीशेठ हात जोडून म्हणाले, "महाराजसाहेब, मोटार दारात आहे."

तुम्ही म्हणालात, "मोटार दारात आहे, मी घरात आहे. राहू दे दोघांना."

मग माणसं यायला लागली. महाडची, पोलादपूरची, मुंबईची. माझ्या अंगणात चपलांचा ढीग. बायका गाणी म्हणत होत्या. तुमच्या हातून डोक्यावर चंदनाची पूड पडावी म्हणून लहान पोरं पुढे करत होत्या, आणि तुमच्यात हात उचलायचं बळ नव्हतं तर धाकटे महाराज तुमचा हात धरून उचलायचे. अंधार पडायच्या आत सगळ्यांना जायचं असायचं, बायकांना तर साधूंच्या जागी सांजेनंतर थांबायचंच नसतं. शेवटची एस.टी. गेली की घर गप्प.

त्या दिवशी पेंढा बदलून झाला. माणसं बाहेर ओटीवर होती. तुम्ही मला दार लोटायला सांगितलंत.

"मला भीती वाटते, गोपाळभाई."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कशाची? मरणाची?"

"मरणाची नाही. संध्याकाळची. काल रात्री तहान लागली होती. फार. मी मागितलं नाही. आज शुद्ध राहणार नाही. मागेन."

मी तुमच्याजवळ सरकलो.

"ही सगळी माझ्यावर प्रेम करणारी माणसं आहेत. माझा शिष्य पण. मी मागितलं तर त्यांचा जीव राहणार नाही, कोणीतरी देईल. सगळा जन्म सांभाळलं ते शेवटच्या घोटात जाईल. म्हणून आज आत तू बस."

"मीच का?"

"तुझ्या घरचं पाणी मला दिवसाही चालत नाही. तुझा हात आपोआप आखडेल. आणि तू तोंडावर नाही म्हणणारा आहेस."

मी म्हटलं, "महाराज, आमच्यात मरत्या माणसाच्या तोंडात पाणी घालतात. नाही घातलं तर जन्मभर खातं ते. मला हे सांगू नका."

"म्हणून तर तुला सांगतो. तुला त्याची किंमत माहीत आहे."

"आणि मागितलंत तर मी बोलू काय?"

"खोटं बोलू नकोस. म्हण, उजाडल्यावर देतो."

तुम्ही माझा हात धरला नाहीत, तुमची तशी रीत नाही. पण बघितलंत माझ्याकडे, आणि मी मान हलवली. का हलवली ते मला आजही सांगता येत नाही. तुम्ही घाबरला होतात. घाबरलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं.

सूर्य डोंगराआड गेला. माणसं गेली. धाकटे महाराज बाहेर ओटीवर त्यांचं संध्याकाळचं प्रतिक्रमण करायला, दिवसभराच्या चुकांची क्षमा मागायला बसले. तुमच्यापाशी दिवा चालत नाही, म्हणून पडवीत काळोख भरत चालला होता. मी भिंतीशी बसलो. तुमचा श्वास ऐकत होतो. पहिल्यांदा नवकार ऐकू येत होता, मग नुसता ओठांचा आवाज. मी मनात म्हणत होतो, मागू नका, झोपा, मागू नका.

"पाणी."

अगदी स्वच्छ म्हणालात. मी म्हटलं, "उजाडल्यावर देतो, महाराज."

थोड्या वेळानं परत. आवाज लहान झाला होता. लहान पोर आईला मागतं तसा. मी तेच म्हटलं. माझा आवाज मला ओळखू आला नाही.

तिसऱ्यांदा शब्द आला नाही. तुम्ही बोट उचललंत आणि तोंडाकडे नेलंत. मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलंत. उजेड इतका कमी होता की मला फक्त डोळेच दिसत होते. त्या डोळ्यांत काय होतं, महाराज? शाबास म्हणत होतात, की विचारत होतात की हौसाला दिलंस, मला का नाही? मी पुढे सरकून बघितलं. आत घडवंची होती, तिच्यावर कळशी भरलेली होती, उठलो असतो तर चार पावलं. मी उठलो नाही. दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसलो. तुम्ही बघत होतात आणि मग बघत नव्हतात. फरक कधी पडला ते मला कळलं नाही. मी आणखी एकदा म्हटलं, "उजाडल्यावर देतो," आणि ते ऐकायला कोणी नव्हतं.

मला हीच भीती आहे. तुम्ही मला शुद्धीत सांगितलंत ते तुमचं खरं, की बेशुद्धीत मागितलंत ते खरं? दोन्ही तुम्हीच होतात. मी एकाचं ऐकलं आणि एकाला तहानलेलं जाऊ दिलं. आणि माझी वेळ येईल तेव्हा मी कोणाला काय मागणार, आणि देणाऱ्याला मी कुठल्या तोंडानं मागणार?

रात्रीच निरोप गेला होता, पहाटेच महाडची माणसं आली. तुम्हाला ओटीवर मांडी घालून बसवलं होतं, मागे खांबाचा आधार. गुलाल, अक्षता, तांदळाचे स्वस्तिक. कांतीशेठ रडून सुजले होते. सगळ्यांसमोर त्यांनी मला विचारलं, "काका, शेवटी महाराजसाहेब काय बोलले?"

"पाणी मागितलं."

एका बाईनं तोंडावर पदर धरला. कांतीशेठ म्हणाले, "आणि?"

"मी दिलं नाय."

मला वाटलं आता ही माणसं मला मारतील, आणि खरं सांगतो, मारलं असतं तर बरं झालं असतं. पण कांतीशेठांचा चेहराच पालटला. ते माणसांकडे वळून म्हणाले, "ऐकलंत ना? प्राण गेला, पण रात्रीचा थेंब घेतला नाही साहेबांनी."

"शेठ, तसं नाय. त्यांनी मागितलं. मी नाय दिलं."

"तेच ते, काका."

"तेच ते नाय."

पण जय जय नंदा, जय जय भद्दा असा त्यांचा घोष सुरू झाला होता. कोणीतरी वाकून माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागे घेतले. तसाच मागच्या दारानं गोठ्याकडे गेलो.

तिथे धाकटे महाराज उभे होते. एकटेच, गोठ्याच्या मेढीला धरून. मी त्यांना विचारलं, "मी केलं ते बरोबर केलं का? तुम्ही शिकलेले, तुम्ही सांगा."

ते म्हणाले, "मी ऐकलं होतं."

"काय?"

"त्यांनी मागितलं ते. पहिल्यांदाच ऐकलं. प्रतिक्रमण अर्धं सोडून मी उठलो. शेजारी पाणी मागायला पायरी उतरलो होतो. मग तुमचा आवाज आला, उजाडल्यावर देतो म्हणून. मी परत येऊन बसलो." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "तुम्ही बोलला नसता तर मी दिलं असतं. मग बरोबर काय झालं असतं, ते मला माहीत नाही. मला पण भीती वाटते, गोपाळभाई."

आम्ही दोघं तिथे उभे राहिलो. पलीकडे तुमचा जयजयकार चालला होता. मी त्यांच्या ओठांकडे बघत होतो. ते फुटले होते, कोपऱ्यात पांढरं जमलं होतं. काल सूर्य मावळायच्या आधीपासून या माणसानं घोट घेतलेला नाही, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

"उजाडलंय," मी म्हटलं.

त्यांनी वर बघितलं. "अजून थोडं थांबायचं असतं. सूर्य वर आल्यावर दोन घटका."

मी थांबलो. सूर्य डोंगराच्या वर चांगला चढेपर्यंत तिथेच उभा राहिलो, त्यांना पण हलू दिलं नाही. मग त्यांना घेऊन धोंडूच्या परसात गेलो. मंजुळेनं पोरांच्या अंघोळीसाठी हंडा ठेवला होता, तो खळखळत होता. तिनं पातेलीत पाणी काढून परातीत ओतलं, वाफ जाऊ दिली आणि त्यांच्या लाकडी पात्रात घातलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं. प्यायला लागले. माझी नजर त्यांच्या गळ्यावरून हलली नाही.

ते थांबले. मी म्हटलं, "आणखी घ्या."

"पुरे."

"घ्या, महाराज."

त्यांनी पात्र पुढे केलं. मी मंजुळेला म्हटलं, "ओत गो. भरून ओत."